माझ्या पोटातली काळी रेती

मी एक जुना मोबाईल आहे. बटणांचा. मुलं मला हातात घेतात, उलटंपालटं करतात आणि विचारतात, "ह्यात गेम नाही?" नाही रे बाबांनो, गेम नाही, फोटो नाही, काही म्हणता काही नाही. चारचा आकडा दाबून दाबून पुसून गेलाय आणि पाठीचं झाकण रबर लावून धरलंय. पण मित्रांनो, एके काळी माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

माझा जन्म कुठला असं कुणी विचारलं असतं, तर मी छाती काढून सांगितलं असतं, म्हापशाचा! डोळे उघडले तेव्हा मी काचेच्या कपाटात होतो आणि समोर शुक्रवारचा बाजार भरला होता. चोरीसांच्या, म्हणजे मसालेदार गोवन सॉसेजच्या, माळा, केळीचे घड, माणसांची ही गर्दी. त्याच्या आधी मी कुठे होतो, कशाचा बनलो, कुणी बनवलं, असले प्रश्न मला पडलेच नाहीत. दुकानातल्या वस्तूला कसले आलेत प्रश्न!

मला विकत घेतलं जयरामने. डिचोलीकडच्या एका लोखंडाच्या खाणीवर तो पोकलेन चालवायचा, म्हणजे माती उपसणारं ते लांब हाताचं यंत्र. मला त्याने बायकोसाठी घेतलं, शेवंतीसाठी. ती पेडण्यातल्या कोरगावची. माहेरी काजूच्या बागेत वाढलेली, बोलायला फटकळ आणि मनाने लोण्याची. नार्व्याच्या वाटेवरच्या त्यांच्या घरात रेंज एकाच ठिकाणी मिळायची, कुजिनाच्या जनेलात. म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथे शेवंतीने माझ्याखाली विणलेला रुमाल घातला. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला, की ती एका हाताने पाव घ्यायची आणि दुसऱ्या हाताने मला पुसायची. खाणीची तांबडी धूळ घरात सगळ्यांच्या अंगावर, फक्त माझ्या अंगावर नाही! बघा, किती लाड!

घरात तिसरे सखारामबाबा, जयरामचे वडील. तरुणपणी दोडामार्गाकडून पिकास, म्हणजे टिकाव, खांद्यावर टाकून खाणीवर आले ते इथलेच झाले. खाणीवरचा एक नियम त्यांच्या हाडात मुरलेला होता. दरड कोसळली, की आधी माणूस, मग यंत्र, मग माल. त्यांचा एक जोडीदार असाच मातीखाली सापडला होता. तेव्हा अख्खी खाण थांबली. भरलेले ट्रक रस्त्यात तसेच उभे राहिले, आणि मुकादमापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनी हातांनी माती ओढून त्याला जिवंत बाहेर काढलं. बाबा ही गोष्ट इतक्यांदा सांगायचे, की मलासुद्धा पाठ झाली होती.

मग खाणी बंद झाल्या. गोवा घटक राज्य होऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळीकडे सोहळे झाले होते, त्याच साली. ट्रक दारादारांत उभे राहिले, टायरांवर वेली चढल्या. जयराम थोडे दिवस हिंडला आणि मग यशवंत नावाच्या एजंटामार्फत आफ्रिकेतल्या काँगो देशात रस्त्याच्या कामावर गेला. पोकलेनच चालवायचा, फक्त माती परकी.

तेव्हापासून मी त्या घराचा कान झालो. रविवारी त्याचा फोन यायचा. माझ्या पोटात एक बारीक चक्री आहे, फोन आला की ती फिरते आणि माझं सगळं अंग थरथरतं. मी थरथरलो रे थरथरलो, की शेवंती हातातलं पीठ तसंच ठेवून धावायची.

"जेवलात? काय जेवलात? थय मासे गावतत?"

"गावतत गो. पण तुझ्या हातचा नाय."

एवढ्यावर तिचा आठवडा जायचा.

त्या घरात दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. अंगणात पाट मांडायचा, त्यावर पिकास, खोरं, कोयता, जयरामचं खाणीवरचं हेल्मेट. भाऊबंद जमले, की सखारामबाबा उभे राहून गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने विनवतात, आणि प्रत्येक मागण्यावर सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. बाबांची एक खास पद्धत होती. हत्यारासाठी ते काही मागत नसत, ते घडवणाऱ्यासाठी मागत. पिकास घडवणाऱ्या लोहाराचं नाव घेत, कोयत्याला मूठ बसवणाऱ्या सुताराचं नाव घेत. त्या वर्षी शेवंतीने मलाही पाटावर ठेवलं, झेंडूचं एक फूल डोक्यावर. बाबा माझ्यापाशी आले आणि जरा अडखळले.

"आणि ह्यो फोन, महाराजा. खयचो, कोणी केलो, आमका ठावक नाय. पण दूरच्या देशातसून आमच्या झिलाचो आवाज घरात आणता. ज्या ज्या हातांनी ह्येका घडवलो, त्या सगळ्या हातांचा बरा कर!"

"व्हय महाराजा!"

अहाहा! मी असा फुगलो म्हणता! पिकासाच्या शेजारी बसायचा मान मिळाला, आणखी काय हवं?

पुढचा पावसाळा निम्मा झाला असेल. फोन आडवारी आला, रविवार नसताना. पलीकडे नुसता श्वास. शेवंती घाबरीघुबरी, "हॅलो, हॅलो, बोला मरे!" शेवटी जयरामचा आवाज आला.

"बाबा आसत? तेंका दी."

बाबांनी मला कानाला लावलं.

"बाबा, दरड पडली तर आधी काय करूचा?"

"आधी माणूस. जन्मभर आयकतस, आता इचारतस कित्याक?"

"नाय. सहज," तो म्हणाला आणि फोन तुटला.

चतुर्थीनंतर तो न कळवता दारात येऊन उभा राहिला. करार अजून उरला होता. घरी आला, पण आला असं म्हणवेना. जेवायचा, अंगणातल्या बांकावर बसायचा, समोर बघत राहायचा. मी जनेलात थरथरलो, की दचकून उठायचा आणि परसात निघून जायचा. मला वाईट वाटायचं. मी काय केलं होतं ह्याचं?

थरथरायला लावायचा यशवंत. "वहिनी, जयरामाक सांगा, दसरो झालो की निघाक होया. तिकीट मी काढतंय." रोज तेच. शेवंतीची पार कोंडी झाली. एका दुपारी ती नवऱ्यासमोर उभीच राहिली.

"जातलात की नाय, एक काय ता सांगा. खाणी बंद आसत, मी कोणाच्याय शेतात कामाक जाईन, माका लाज नाय. पण तुम्ही तोंड उघडाक नाय, तर मी काय भिंतीवांगडा संसार करू?"

तो उठून परसात गेला. ती रडली नाही, पण भांडी मात्र फार जोरात घासली. तो जाणार का राहणार, घरात दुसरा विचार उरला नव्हता.

दसरा आला. पाट मांडला. पिकास, खोरं, कोयता, हेल्मेट आणि मी, डोक्यावर झेंडू. माझ्या मनात लाडू फुटत होते. बाबांनी लोहाराचं बरं मागितलं, "व्हय महाराजा!" सुताराचं मागितलं, "व्हय महाराजा!" मग माझ्याकडे वळले.

"आणि ज्या ज्या हातांनी ह्यो फोन घडवलो..."

"थांबा, बाबा."

अरे देवा! चालू गाऱ्हाण्यात कुणी मध्ये तोंड घालतं? जयराम पुढे आला, मला उचललं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"ह्येका घडवणारे हात मी बघलंय," तो म्हणाला. "ह्या डोळ्यांनी."

आणि मग तो बोलायला लागला. मित्रांनो, मी तोपर्यंत हजारो बोलणी ऐकली होती, तसलं एकही नव्हतं.

तो रस्ता करत होता त्याच्या वरच्या अंगाला एक डोंगर होता. डोंगरात माणसं हातांनी बिळं पाडायची, आत सरपटत जायची आणि काळी, जड रेती काढायची. ओढ्यात धुऊन ती गोणीत भरायची आणि पाठीवरून खाली आणायची. वाटेवर बंदूकवाले बसलेले. त्यांचा वाटा दिल्याशिवाय गोण पुढे जात नसे, आणि त्या वाट्यातून आणखी बंदुका येत. गोणी वाहणाऱ्यांत कोवळी पोरंसुद्धा. जयरामने कॅम्पावरच्या स्वयंपाक्याला विचारलं, ही रेती जाते कुठे? तो हसला आणि जयरामच्या खिशातल्या फोनवर बोट ठेवून म्हणाला, इथे.

"ह्या रेतीतसून एक धातू काढतत," जयराम मला सगळ्यांपुढे धरून म्हणाला. "तो ह्येच्या पोटात आसता. जगातल्या सगळ्या फोनांच्या."

माझ्या पोटात! मी म्हापशाचा ना? काचेच्या कपाटातला, विणलेल्या रुमालावरचा! मला ओरडावंसं वाटलं, हे खोटं आहे! पण मला फक्त दुसऱ्यांचे आवाज येतात, माझा स्वतःचा नाही.

त्याच्या मशीनपाशी एक बाई केळी विकायला यायची. तिचा नवरा बिळात उतरायचा. एका सकाळी पाऊस पडत असताना डोंगराचं ते अंगच खाली आलं. बाई धावत आली आणि पोकलेनच्या बकेटला हातांनी धरून ओढायला लागली. एवढं थोरलं लोखंड ती ओढत होती! जयराम मशीन घेऊन निघाला. बिळांच्या तोंडाशी पोचला, तर बंदूकवाले आडवे. काल काढलेल्या गोणी दरडीच्या कडेला अर्ध्या गाडल्या गेल्या होत्या. त्यांनी खुणेने सांगितलं, आधी गोणी.

"माझी चावी काढून घेतल्यानी. बंदूक हय लावल्यानी." त्याने कानशिलाला बोट लावलं. "आणि गोणी काढूक लागले. एकेक, झाडून, मोजून. मातीखालसून आवाज येय होतो, बाबा. कोणतरी दगडान दगडार ठोकी होता. मी ओरडलंय, आधी माणूस! आधी माणूस! पण थय कोणाक कळतली आमची भास?"

बाबांच्या हातातली आपट्याची पानं गळून पडली.

"मगे?" बाबांनी विचारलं.

"मगे ठोकूचा बंद झाला. तेच्या उपरांत तेणीं माका चावी दिल्यानी."

शेवंतीने तोंडाला पदर लावला. भावकीतला एकजण हळूच म्हणाला, "पण जयराम, आमच्या ह्या फोनात तीच रेती कशावरून? दुसरीकडचीय असात."

जयराम कडवट हसला. "आमच्या नदीच्या जेटीर काय होता? दहा खाणींची माती एका ढिगात पडता, बार्जीत भरता. मगे कोण सांगतलो ह्यो दगड खयचो? थयय तसाच."

माझ्यातली रेती त्या डोंगरातली आहे की नाही, ते मला माहीत नाही. विकणाऱ्याला माहीत नव्हतं, घेणाऱ्याला माहीत नव्हतं. एका माणसाचा जीव माझ्या पोटात असू शकतो आणि ते कुणालाही सांगता येत नाही! मित्रांनो, ह्याच्यासारखं भयंकर काही मी ऐकलेलं नाही. मला त्या फुलाची लाज वाटली.

आणि नेमका तेव्हाच मी वाजलो. जयरामच्या तळहातात थरथरलो, गुरगुरलो, सुटून पाटावर पिकासाशेजारी आपटलो आणि तिथेही थरथरतच राहिलो. माझ्या हातात असतं तर त्या क्षणी मी मुका झालो असतो. काचेवर नाव उमटलं होतं, यशवंत.

जयराम मागे सरला. शेवंती पुढे आली. माझ्यावरचं फूल बाजूला केलं आणि मला कानाला लावलं. तिचा कान गरम होता, ओला होता.

"वहिनी, दसऱ्याचे शुभेच्छा! मगे, तिकीट काढू?"

"काढू नका," शेवंती म्हणाली. "माझो घोव थय येवचो नाय."

"अहो, पण घर कसा चलतला?"

"ता मी बघतंय. माणूस आसा घरात. बाकीचा मगे." तिने फोन बंद केला आणि सासऱ्यांकडे बघून म्हणाली, "आधी माणूस. व्हय ना, बाबा?"

बाबांनी मान हलवली, पण गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडता येत नाही. त्यांनी डोळे पुसले, हात जोडले. "ज्या हातांनी ह्येका घडवलो..." ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. "जे हात मातीखाली ऱ्हवले, महाराजा, तेंचा बरा कर असा मी खयच्या तोंडान सांगू?" कुणीच "व्हय महाराजा" म्हटलं नाही. देवापुढे बाबांनी प्रश्न विचारलेला त्या अंगणाने कधी ऐकला नव्हता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवंती कामाला गेली, जयराम एका ट्रॅक्टरवर लागला, घर रडतखडत का होईना, चाललं. मला मात्र त्यांनी टाकून दिलं नाही. नव्या फोनाच्या जाहिराती आल्या, शेजारीपाजारी हसले, तरी शेवंती म्हणते, "ह्यो बोलता मां? मगे दुसरो कित्याक? परत कोणाक तरी बिळात उतराक होया?" झाकण सुटलं तेव्हा तिने रबर लावलं. बॅटरी मेली तेव्हा जयरामने म्हापशाला जाऊन तसलीच जुनी शोधून आणली, आणि दुकानदाराला विचारलं, हा माल येतो कुठून? दुकानदार म्हणाला, मुंबईहून. जयराम म्हणाला, त्याच्या आधी? दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मित्रांनो, मला फेकू नका, मी चालतो तोवर मला चालवा. बिघडलो तर दुरुस्त करा. आणि नवा घ्यायलाच लागला, तर दुकानातल्या काचेवर बोट ठेवून विचारा, ह्याच्या आधी कुठे? उत्तर मिळणार नाही. तरी विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. मला कुणीच विचारलं नव्हतं.

दसऱ्याला मी अजून पाटावर असतो. फूल नसतं, मला नकोही असतं. बाबा लोहाराचं बरं मागतात, सुताराचं बरं मागतात, सगळे खणखणीत "व्हय महाराजा" म्हणतात. मग बाबा माझ्यापाशी येतात आणि अंगण गप्प होतं. त्या गप्पपणात मला दगडावर दगड ठोकल्याचा आवाज ऐकू येतो.