नव्वद दिवसांची फाईल

मित्रांनो, मी एक जुनी निळी फाईल आहे, बटणाची. बटण आता लागत नाही, रबर लावावं लागतं. पण एके काळी थायलंडमधल्या उदोन थानी शहराच्या इमिग्रेशन कचेरीत माझ्याइतकी टापटीप फाईल दुसरी नव्हती. ही बढाई नाही, खिडकीवरच्या मॅडमच तसं म्हणायच्या.

मला बाजारातून आणलं पिकुनबाईंनी, आपल्या नवऱ्यासाठी. टॉर्बेनकाका मूळचे डेन्मार्कचे. उतारवयात बाईंशी लग्न करून इकडे आले आणि इकडचेच झाले. तरी कागदावर परदेशी ते परदेशीच. आपण कुठे राहतो, ते दर नव्वद दिवसांनी कचेरीत जाऊन सांगायचं, असा नियम. काकांना थाई बोलता येतं, वाचता मात्र एक अक्षर येत नाही. त्यामुळे माझा सगळा संसार बाईंच्या हातात. वर पासपोर्ट, त्याखाली बाईंच्या नावावरच्या घराचे कागद, सगळ्यात खाली बाईंनी हाताने काढलेला घराचा नकाशा.

कचेरीचा दिवस म्हणजे त्या दोघांचा सणच. काम उरकलं की समोरच्या टपरीवर कच्च्या पपईचं तिखटजाळ सॅलड आणि चिकट भात. काकांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं.

"अहो, बारा वर्षं झाली," बाई म्हणायच्या, "तुमची जीभ काही अजून इकडची झाली नाही."

दोन वर्षांपूर्वी बाई तापाने गेल्या. चार दिवसांत सगळं आटोपलं. त्या रिकाम्या घरात काकांना राहवेना. बाईंची धाकटी बहीण लामदुआन त्यांना ओढूनच कालव्यापलीकडे आपल्या घरी घेऊन गेली. मी तिच्या फडताळावर पडले, खारवलेल्या माशांच्या बरणीला टेकून. त्या वासात माझे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. मला बाईंच्या हातांची फार आठवण यायची.

नव्वद दिवस भरले की काका मला काखेत मारायचे आणि तेच जुने कागद, तोच जुना पत्ता देऊन यायचे. बाई असत्या तर त्यांनी हे एकदाही चालू दिलं नसतं. शेवटी लामदुआनला कळलं. तिने कपाळावर हात मारला.

"भाऊजी, जेवता माझ्याकडे, घोरता माझ्याकडे, आणि सरकारदरबारी राहता ताईकडे? पकडलं तर देशाबाहेर काढतील तुम्हाला. मग बसा तिकडे बर्फात."

पुढच्या खेपेला लामदुआन बरोबर निघाली. निघण्याआधी तिने काकांच्या नकळत माझ्यात दोन कागद सरकवले. एक तिच्या घराचा आणि दुसरा बाईंच्या मृत्यूचा दाखला.

"काय काका, बाई नाही आल्या?" मॅडमनी सवयीने विचारलं. "बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत."

"घरी आहे," काका म्हणाले.

मॅडमनी मला उघडलं आणि नेमका तो दाखलाच त्यांच्या हाताला लागला. बटण घट्ट असतं तर मी उघडलेच नसते, असं मला वाटून गेलं. मॅडमनी तारीख दोनदा वाचली.

"दोन वर्षं झाली की हो, काका. तुम्ही झोपता कुठे?" त्यांनी आवाज खाली आणला. "खरा पत्ता द्या. नाहीतर पुढच्या वर्षाचा व्हिसा मला देता यायचा नाही."

काकांनी खिडकीची कड धरली.

"ती घरी आली," ते म्हणाले, "तर मला कुठे शोधेल?"

लामदुआनने पदराने डोळे टिपावेत तसे बाहीने टिपले.

"मग तिलाही कळवा," ती म्हणाली. "तिच्याकडे काय रांग आहे होय?"

नवा फॉर्म तिनेच भरला. दंड झाला, शिक्का पडला.

परतताना दोघं विहारात गेली. तिथे भिंतीतल्या कोनाड्यात बाईंच्या अस्थी आहेत. काकांनी मला मांडीवर घेतलं, फॉर्म काढला. वाचता येत नव्हतंच, वाटेत लामदुआनकडून घोकून घेतलं होतं. आपलं नाव, देश, घर क्रमांक, गाव, तालुका, सगळं खिडकीवर सांगतात तसं त्यांनी ओळीने सांगितलं.

"कालव्यापलीकडे, तुझ्या बहिणीकडे. मागची खोली," ते शेवटी म्हणाले. "दार उघडंच असतं."

"मी कडी लावते रोज," लामदुआन म्हणाली. मग म्हणाली, "आता नाही लावणार."

मित्रांनो, कागद जपा, तारखा चुकवू नका, आणि राहायची जागा बदललीत तर आपल्या माणसांना कळवत जा. एका जुन्या फाईलचं एवढंच मागणं आहे.

परवा पुन्हा नव्वद दिवस भरतात. काकांनी मला पुसून ठेवलंय. आधी विहारात जायचंय, मग कचेरीत.