कपाटातल्या हत्तीची आंघोळ

"मोठ्या बाई, कपाटातली गोष्ट मुलांसाठी आहे की कपाटासाठी?"

प्रश्न तिने विचारला, पण पैज मैत्रिणींची होती. "विचारून दाखव, जन्मभर तुला वाघीण म्हणू," असं म्हणणाऱ्या त्या दोघी आता खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होत्या. त्यातल्या एकीच्या बुटाला नाडीच नव्हती.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. पाहुण्यांना शाळा दाखवून झाल्यावर त्यांनी सभागृहात हसतहसत "कुणाला काही शंका?" असं विचारलं होतं. अशा वेळी शंका नसते, हे पहिलीच्या पोरालाही कळतं.

काचेचं कपाट तिथेच भिंतीला होतं. आत 'हत्तीची आंघोळ' हे चित्रांचं पुस्तक आणि शेजारी मांडलेल्या वस्तू: हत्तीच्या कातडीसाठी गोणपाट, तळ्यासाठी स्पंज, सोंडेसाठी फवाऱ्याची बाटली. खालच्या मजल्यावरच्या खास वर्गाच्या बाईंनी खपून हे जमवलं होतं. नुसतं बघून-ऐकून ज्यांना गोष्ट कळत नाही, त्यांच्या हातात ती द्यायची. पान उलटलं की वस्तू हातात.

तिचा धाकटा भाऊ त्याच वर्गात होता. घरात सगळे त्याला राजे म्हणत, कारण चाकाच्या खुर्चीत तो सिंहासनावर बसल्यासारखा बसे. राजे बोलत नसत. पण गोणपाट हातावरून फिरलं की जरा वेळाने त्यांचा पालथा हात उताणा व्हायचा. म्हणजे 'पुन्हा'. ही आज्ञा घरात कुणी मोडत नसे.

मग मोठ्या बाईंना वाटलं, वस्तू मळतात. वस्तू गेल्या कपाटात आणि मुलांना लांबून चित्रं दिसू लागली. राजे भिंतीकडे बघत बसू लागले. काल आई-बाबांना बोलावून मोठ्या बाईंनी सांगितलं, "त्याला गोष्ट पोहोचत नाही. उगाच जागा अडते. उद्याचे पाहुणे येऊन गेले की घरीच ठेवा." आणि आई-बाबा मान डोलावून घरी आले. ते ऐकून तिच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती अजून तिथेच होती.

"मुलांसाठीच आहे हो," मोठ्या बाई पाहुण्यांकडे बघून गोड हसल्या. "दाखवतेच." त्यांनी कपाट उघडलं आणि पहिल्या रांगेत बसवलेल्या राजेंपुढे गोणपाट धरलं. "बघ, हत्ती. कसा लागतो? खरखरीत ना? सांग ना. बरं, हे तळं. गार आहे ना? आणि ही सोंड." बाटलीचा फवारा थेट तोंडावर बसला. राजे किंचाळले.

"बघितलंत?" मोठ्या बाई पाहुण्यांना म्हणाल्या. "आम्ही प्रयत्न करतो, पण..."

ती रांगेतून कधी बाहेर पडली, तिलाही कळलं नाही. तिने ओढणीने भावाचं तोंड पुसलं, त्याचा श्वास शांत होऊ दिला आणि मोठ्या बाईंपुढे हात पसरला. इतके पाहुणे बघत होते की बाईंनी गोणपाट मुकाट्याने दिलं.

"हत्ती आला तळ्याकाठी," ती राजेंच्या कानाशी म्हणाली. गोणपाट त्यांच्या पालथ्या हातावरून एकदाच फिरवलं. आणि गप्प बसली.

खुर्च्या कुरकुरल्या. कुणीतरी खोकलं, मागे कुणीतरी हसलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, पुढे वाच की."

"तो ऐकतोय अजून," ती मान न वळवता म्हणाली.

आणखी वेळ गेला. एका पाहुण्याने घड्याळ पाहिलं. मग राजेंची बोटं हलली आणि हात सावकाश, ऐटीत, उताणा झाला.

खास वर्गाच्या बाई रडायला लागल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "योगायोग." आणि सगळं उचलून त्यांनी पुन्हा कपाट लावलं.

ती घरी पोहोचायच्या आधी फोन पोहोचला होता.

"जिभेला काही हाड?" आई दारातच म्हणाली. "पाहुण्यांसमोर? उद्या जाऊन माफी माग, नाहीतर तुलाही काढतील."

"आपण लहान माणसं, बाळा," बाबा म्हणाले. "राजेंचं आम्ही घरी बघू ना."

"घरी काय बघणार? भिंत?" तिचा आवाज चढला. तिने तो खाली आणला, कारण राजेंना चढलेला आवाज चालत नाही. "तुम्ही मान डोलावलीत. त्याला विचारलंत का? विचारून थांबलात का जरा?"

आई पाठ फिरवून आत निघाली.

"ऐका. उद्या राजे शाळेत येणार. खुर्ची मी ढकलणार आणि त्या कपाटासमोर नेऊन लावणार. माफी मी मागणार नाही. कपाट उघडेपर्यंत आम्ही दोघं तिथून हलणार नाही. काढायचं तर दोघांना काढू देत. थांबायची सवय आम्हाला आहे."