रिलेची रिकामी जागा

दुपारी दोनच्या सुमाराला, घाटाच्या पायथ्याच्या शेवटच्या गावात, तालायने फॉग लाइटचं बटण दाबलं. डॅशबोर्डवरची बारीक खूण उजळली. पुढचे दोन्ही दिवे मात्र ढिम्म.

त्याच्या भाड्याच्या गाडीत घाटापलीकडच्या तलास शहराला निघालेले तीन प्रवासी होते. वरून उतरलेल्या ट्रकवाल्याने काच खाली करून सांगितलं होतं, की वरच्या बोगद्यापर्यंत धुक्यात स्वतःच्या बॉनेटचं टोक दिसत नाही. दिव्यांशिवाय वर जाणं म्हणजे डोळे मिटून दरीच्या कडेने चालणं. गावात गाडीची वायरिंग बघणारा मिस्त्री एकच होता, मेदेत. त्याच्या दारावरून तालाय आठवड्यातून दोनदा जायचा आणि एकदाही थांबला नव्हता.

हे गाव तालायच्या बायकोचं, झूराचं माहेर. मेदेत तिच्या वर्गातला. लग्नाआधी या दोघांबद्दल गावात काय बोललं जायचं, ते तालायला लग्नाच्या पंगतीतच कुणीतरी ऐकवलं होतं. तो घास अजून त्याच्या घशात होता.

"दिव्यांचा रिले पडलाय कुठेतरी," तालायने मेदेतच्या वर्कशॉपसमोर गाडी लावता लावता सांगितलं. "बॉनेटखालच्या पेटीत मी बघितलं. त्याची जागा रिकामी आहे."

मेदेत हात पुसत आला. नखं स्वच्छ, दाढी केलेली. मिस्त्री असून याचे हात असे कसे राहतात, हे तालायला उगाचच खुपलं.

"दोन्ही दिवे एकदम गेले?"

"एकदम."

"मग दोष बल्बचा नाही."

मेदेतने बॉनेट उघडलंच नाही. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या शेकेर आपांना त्याने नमस्कार केला, जरा पाय आवरायला सांगितले आणि समोरच्या कप्प्याचं झाकण आधी वर उचलून मग ओढलं. ते झाकण असंच उघडायचं. नवा माणूस सरळ ओढायचा आणि ते अडकायचं. मेदेतचा हात कप्प्यामागे गेला.

"बटण दाब."

आत टक् असा आवाज झाला.

"रिले चांगला आहे, करंट सोडतोय."

तालाय बटणावर बोट ठेवून तसाच बसला. तीन वर्षं गाडी त्याची होती. तिथे रिले आहे हे त्याला माहीत नव्हतं.

"तुला कसं कळलं, तिथे आहे म्हणून?"

"मीच बसवलाय. बॉनेटखालची त्याची जुनी बैठक जळली होती, म्हणून इथे." मेदेत टेस्टर घेऊन बंपरखाली वाकला. "झूराने आणली होती गाडी. मागच्या हिवाळ्यात."

मागच्या हिवाळ्यात तालाय रशियात बांधकामावर होता. गाडी तलासच्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. परत आला तेव्हा ताडपत्रीची गाठसुद्धा त्याच्याच पद्धतीची होती.

"झूराला गाडी चालवता येत नाही."

"येते. वडील आजारी होते तिचे. घाटातून एकटी आली होती."

"शिकवली कोणी?"

मेदेत वर न बघता म्हणाला, "ते मला काय विचारतोस? बायको तुझी आहे."

शेकेर आपांनी खिशातली कुरुताची, वाळवलेल्या खारट दह्याची, गोळी तोंडात टाकली. "पोरी हल्ली पोटातूनच शिकून येतात रे. तू आधी दिवे बघ बाबा, माझा नातू वाट बघतोय."

मागचे दोघे हसले. तालाय हसला नाही.

"करंट इथवर येतोय," मेदेत म्हणाला. "अर्थिंग मिळत नाही, पत्र्याशी जोड तुटलीय. बंपर रंगवलास का?"

शरद ऋतूत गाय धडकली होती. बंपर ठोकून तालायने स्वतः रंग मारला होता, बोल्टाखालीसुद्धा, गंज नको म्हणून. मेदेतने बोल्ट काढला, रंग खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट पुन्हा आवळला. दिवे लागले. समोरची भिंत पिवळी झाली.

तालायने वर्कशॉपच्या कोपऱ्यात जाऊन झूराला फोन लावला.

"मेदेतकडे गाडी नेली होतीस?"

"हो. अब्बा आजारी होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काम सोडून आला असतास."

"गाडी कोणी शिकवली?"

"तू घाटाखाली आहेस ना? चढताना फोनवर बोलू नकोस. घरी ये." तिने फोन ठेवला.

तो गाडीत बसला. गाडी घाटाला लागली. दिवे चांगले होते. रस्त्याची कड, बर्फात रस्ता दाखवणारे खांब, पुढच्या ट्रकच्या चाकांवरची साखळी, सगळं वेळेत दिसत होतं. मेदेतचं काम चोख होतं, आणि प्रत्येक वळणावर तालायला ते कबूल करावं लागत होतं. ताडपत्रीची ती गाठ बांधायला झूराला त्याने स्वतः कधी शिकवलं होतं का, तो आठवून बघत होता. आठवत नव्हतं. मग ती तिला कोणी दाखवली?

बोगद्याच्या तोंडाशी त्याने गाडी बाजूला घेतली आणि उतरला.

"आता काय झालं?" शेकेर आपांनी काच खाली केली. "दिवे तर लागलेत."

"एक फोन करतो, आपा."

"घर दोन तासांवर आलंय. घरी जाऊन काय ते भांड."

त्याने नंबर लावला. झूराचा फोन व्यस्त होता. त्याने पुन्हा लावला. व्यस्त. मागून आलेल्या गाड्या एकेक करून बोगद्यात शिरल्या. तालाय फोन कानाला लावून दिव्यांच्या उजेडात उभा राहिला, आणि तिसऱ्यांदाही फोन व्यस्तच लागला.