अडतीस वर्षांचं कडं

नंदकुमार शेवड्यांनी जन्मात विडी ओढली नव्हती. सुपारीसुद्धा ते लग्नकार्यातच खात, आणि खाऊन चूळ भरत. अशा माणसाच्या हाती सदुसष्टाव्या वर्षी तंबाखूचा पाइप आला, तोही आयर्लंडमध्ये, आणि बायकोच्या देखत.

झालं असं, की मुलाकडे, पियूषकडे, दोन महिन्यांसाठी म्हणून एनिसला आलेले हे नवराबायको २०२०च्या मार्चात तिथेच अडकले. विमानं बंद. पियूष शॅननजवळच्या कारखान्यात हृदयाच्या झडपा करणारा इंजिनिअर, त्यामुळे गल्लीत यांची ओळख 'पियूषचे डॅड' एवढीच. पिंपरीच्या कारखान्यात अडतीस वर्षं टूलरूम, म्हणजे साचे-हत्यारं घडवायचा विभाग, सांभाळलेल्या शेवड्यांना ही ओळख नव्या शर्टाच्या लेबलासारखी टोचायची. तिथे मॅनेजरसुद्धा चहाचा कप खाली ठेवून त्यांच्याशी बोलत. निवृत्तीला कंपनीने दिलेलं चांदीचं नाणं त्यांनी बॅगेतून इथवर आणलं होतं. कडेने अक्षरं: 'अडतीस वर्षे उत्कृष्ट सेवा'. सहा महिन्यांत ते कुणी बघायला मागितलं नव्हतं.

शेजारी रेन्झो राहायचा. मूळचा इटलीचा, आयरिश बायकोमागोमाग इथे आलेला आणि मागच्या शेडमध्ये हाताने पाइप घडवणारा. ऑगस्टात निर्बंध सैल झाले, तसे शेवडे लेथच्या आवाजामागे चालत त्याच्या दारात पोचले.

"बेल्ट सैल आहे," हे त्यांचं पहिलं वाक्य. नमस्कार-चमत्कार नंतर.

रेन्झोने बेल्ट आवळला आणि त्यांना आपलं लाकूड दाखवलं. ब्रायर म्हणून एक झुडूप असतं, त्याच्या मुळाची गाठ. ती उकळायची, वर्षानुवर्षं वाळवायची, मग कापायची. शंभरात एखाद्याच तुकड्यात ज्वाळेसारख्या सरळ रेघा निघतात. आणि दोष दिसला तर लांबी-पुट्टी भरून झाकायचा नाही, तुकडा फेकायचा. शेवड्यांना हे फार पटलं. त्यांनीही असे तुकडे फेकले होते. काही थेट सुपरवायझरच्या टेबलावर.

मग रेन्झो सायकलवरून पडला. मनगट प्लॅस्टरमध्ये, आणि रविवारी पाइपांचं ऑनलाइन प्रदर्शन. दहा वर्षं वाळवलेल्या, सरळ रेघांच्या त्याच्या एकुलत्या पाइपाला तोंडात धरायची नळी बसवायची राहिलेली.

"तू बसव," रेन्झो म्हणाला.

शेवड्यांनी बसवली. जोड उजेडासमोर धरला. फटीतून प्रकाशाचा धागासुद्धा नाही. पण टूलरूममधून कुठलाही तुकडा धार मोडल्याशिवाय बाहेर जात नाही, नाहीतर कुणाचं तरी बोट कापतं. अडतीस वर्षांची सवय. त्यांनी नळी काढली, बारीक कानस घेतली आणि लाकडाच्या व नळीच्या, दोन्ही तोंडांच्या कडा हलकेच मोडल्या. परत जोडून पाहतात तो जोडावर गोल खाच! लाकूड आधीच अखेरच्या मापाला आलेलं. आणखी एक काप घ्यायलाही जागा नव्हती.

रेन्झोने खाचेवरून अंगठा फिरवला. "ग्रँड," म्हणाला. आयर्लंडमध्ये हा शब्द पेढे वाटतानाही म्हणतात आणि घर जळतानाही.

संध्याकाळी शेवड्यांनी हे घरी सांगितलं, तेव्हा त्यांच्या पत्नी रोहिणीबाई पोळ्या लाटत होत्या. "मला वाटलंच. परवा माझ्या पोळपाटाची कडसुद्धा घासून ठेवलीत."

"बाबा, सॉरी म्हणा आणि सोडा ना," पियूष म्हणाला. "तो दुसरा पाइप दाखवेल."

"शंभरात एक असतो तो! दुसरा कुठून आणू? आणि सॉरी काय म्हणायचं? काम बिघडलं तर दुरुस्त करतात." शेवडे उठले आणि त्यांनी बॅगेतून नाणं काढलं.

"अहो, ते? तंबाखूला?"

"बॅगेत पडून काय करतंय?"

रोहिणीबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाल्या, "करा. पण अक्षरं पुसलीत तर बघा."

सकाळी शेवड्यांनी नाण्याला मधोमध भोक पाडलं. तापवून मऊ केलं आणि लोखंडी शंकूवर चढवून लाकडी हातोडीने ठोकत ठोकत खाली उतरवलं. तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तापवायचं. दुपारपर्यंत नाण्याचं कडं झालं आणि अक्षरं बाहेरच्या अंगाला जशीच्या तशी आली. जोडावर चढवलं. खाच गेली. रेन्झोने मेण लावून पाइप डाव्या हाताने घासला, किती तरी वेळ.

रविवारी तो हिरव्या बनातीवर मांडला, रेघांची बाजू कॅमेऱ्याकडे. पडद्यावर देशोदेशीचे जाणकार. त्यात एक पांढऱ्या दाढीचा इटालियन म्हातारा कॉफी पीत होता. त्याने विचारलं, "ते कडं तुझं नाही. कुणाचं?"

रेन्झोला 'माझंच' म्हणता आलं असतं. "माझा हात मोडलाय," तो म्हणाला. "नळी याने बसवली, जोड यानेच बिघडवला आणि यानेच हा असा सावरला." आणि त्याने कॅमेरा फिरवला.

इस्त्रीचा सदरा, टाय आणि खाली पायजमा अशा वेषात शेवडे ताठ उभे होते. "नंदकुमार शेवडे," ते म्हणाले. "टूलरूम, पिंपरी."

"पाइप जवळ आणा," म्हातारा म्हणाला. त्याने कडं पाहिलं, जोड पाहिला, मग नळी काढून उजेडासमोर धरायला लावली. "अक्षरं काय म्हणतात?"

शेवड्यांनी सांगितलं.

म्हाताऱ्याने हातातला कप खाली ठेवला. "बोला, शेवडे," तो म्हणाला. "कसं केलंत ते पहिल्यापासून सांगा."

दाराशी उभ्या रोहिणीबाई पियूषच्या कानाशी कुजबुजल्या, "आता जेवायला चार वाजतात बघ." आणि घरी न जाता त्यांनी शेडमधलं स्टूल ओढून घेतलं.