टपावरची काच

आश्रुबा मिस्त्रीने ट्रकच्या टपावर उकिडवं बसून खडूच्या रेघेवर छिन्नी टेकवली आणि हातोडा घातला. पत्र्याचा आवाज मोंढ्याच्या अख्ख्या बाजारात घुमला. खाली केबिनमध्ये रेवणप्पा स्टिअरिंग धरून बसले होते.

"अप्पा, उतरा की खाली. पत्र्याचा कीस पडंल डोळ्यात."

"तू तुझं काम कर. माझ्या गाडीला भोक पडतंय, अन् मी जवळ नको?"

हमाल पाठीवरची पोती खाली ठेवून बघत होते. गेल्या दिवाळीत बीडला एका पुढाऱ्याच्या नव्या कोऱ्या मोटारीला टपात काच बसवलेली अप्पांनी पाहिली होती. त्या वर्षांत रस्त्यावर रोज एखादी नवी गाडी दिसे. अप्पांची गाडी मात्र तीच, पुढं लांब नाक असलेली, जन्मभर सरकी आणि पेंड वाहिलेली. तिलाही तशी काच हवी, हे त्यांनी मनावर घेतलं ते घेतलंच.

आश्रुबाने पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडीत निघालेल्या मोटारीची काच चौकटीसकट आणली होती. पण मोटारीचा टप बाकदार, ट्रकचा सपाट. चौकट चारही कोपऱ्यांना उचललेलीच राहिली. मग खाली लाकडाच्या पट्ट्या, वर जुन्या ट्यूबचं रबर, त्यावर डांबर, असं करता करता दुपार कलली.

"वर्षे, वत पाणी," अप्पा आतून म्हणाले.

अप्पांची लेक वर्षाराणी लातूरला कॉलेजात शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी आली होती. साडी खोचून ती बोनेटवर चढली आणि तिने कळशी काचेवर ओतली. एका कोपऱ्यातून थेंब गळायला लागला, तो नेमका अप्पांच्या टकलावर.

"झाला अभिषेक! बरोब्बर पिंडीवरच पडतंय बघ. ऱ्हाऊ दे आश्रुबा."

"ऱ्हाऊ दे कसं? पावसाळ्यात तळं व्हईल की आत."

"आधी पाऊस तर पडू दे."

संध्याकाळभर अप्पा येईल त्याला काच दाखवत होते. सीटवर मान मागं टाकायची, तोंड जरा उघडं, नजर वर.

"काय दिसतंय अप्पा?" एका हमालाने विचारलं.

"तुझा आजा दिसतोय. इचारतोय, नातू कामाला लागला का न्हाई अजून."

बायकोला, नीलाबाईंनाही, त्यांनी घरून बोलावून आणलं. त्या पदर तोंडाला लावून लांबच उभ्या राहिल्या. "लोक हसायलेत," एवढंच म्हणाल्या आणि स्वतःही हसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक त्यांच्या आडतीच्या दुकानासमोर उभा होता आणि अप्पा मान मागं टाकून सीटवर बसलेले होते. हमाल पोती घेऊन शेजारून गेले. चहावाल्याने बोनेटवर कप ठेवला आणि साय धरल्यावर उचलून नेला. थोरला मुलगा केदारनाथ दुकानातून बाहेर आला. "अप्पा, झालं का आभाळ बघून? जेवायला चला," म्हणाला. उत्तर आलं नाही तेव्हा हसला आणि एकटाच घरी गेला. ताटावर बसून आईला ते त्याने सांगितलंसुद्धा. मग अप्पांचा डबा घेऊन वर्षाराणी मोंढ्यात आली. दार तिने उघडलं.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. लगेच गेले नसावेत, बराच वेळ जीव होता. ते हे दोघा भावंडांसमोर म्हणाले होते. घरी पोचेपर्यंत त्यातला 'बराच वेळ' कुठंतरी गळून पडला.

त्यांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला आडवं करून नेत नाहीत. बसवून नेतात, बसवूनच मातीत ठेवतात. चुलते अमरनाथ काका अंगणात सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बसल्या जागी गेला माझा भाऊ. नजर वर, कैलासाकडं. आपल्याला बसवायची गरजसुद्धा पडली न्हाई. असं मरण लई पुण्यानं मिळतं."

एवढं पुरलं. पालीहून, चकलांब्याहून नातेवाईक आले ते आधी ट्रक बघून मग घरात शिरले. कुणीतरी आरशाला रुद्राक्षाची माळ अडकवली. बायका सीटला हात लावून कपाळाला लावत. पेंटरने बोनेटवर 'लिंगैक्य रेवणप्पा' असं पिवळ्या रंगात लिहून टाकलं. काकांचं तर ठरलंच होतं, गाडी आता माल वाहणार नाही, समाधीशेजारी शेड घालून उभी करायची.

आणि केदारनाथ प्रत्येकाला सांगायचा.

"मी सोता बघितलं ना. मी म्हणलं, अप्पा, चला जेवायला. हूं न्हाई का चूं न्हाई. समाधीच लागलेली."

दर खेपेला वर्षाराणी उठून पाणी आणायला जायची. माठाशी उभी राहून ती तांब्या काठोकाठ भरायची आणि परत माठात ओतायची. एवढी माणसं. एवढ्या माणसांच्या मधोमध, भर बाजारात. आणि आता हीच माणसं हात जोडत होती. एकदा तिने केदारनाथला माजघरात गाठलं.

"दादा, पुरे कर आता."

"काय पुरे करू?"

"डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस."

त्याने दाराकडे पाहिलं. "तुमा शिकलेल्या लोकान्ला सगळं इस्कटूनच बघायचं असतं. आईचं तोंड बघ एकदा. त्याच्यावर दोन घास खायली ती. ते पण काढून घेतीस का?"

ते खरं होतं. नीलाबाई प्रत्येक वेळी ती हकिकत पदर सावरून ऐकत, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या. शेवटी मान हलवत.

आठवडा उलटल्यावर त्या म्हणाल्या, "मला बसू द्या एकदा गाडीत."

जन्मात नीलाबाई त्या ट्रकमध्ये बसल्या नव्हत्या. व्यापाऱ्याच्या घरच्या बाईनं मालट्रकात बसायचं नसतं. भर दुपारी, गर्दी कमी असताना, वर्षाराणीने आणि केदारनाथने त्यांना आधार देऊन वर चढवलं. काका आणि चारदोन बायका खाली हात जोडून उभ्या राहिल्या. वर्षाराणी दारातल्या पायरीवरच थांबली. नीलाबाईंनी सीटच्या रेक्झिनवरून हात फिरवला, मग सगळे सांगत तशी मान मागं टाकली.

लगेच त्यांनी डोळे मिटले. परत उघडले, परत मिटले. पाणी कानाच्या पाळीपर्यंत ओघळलं.

"इथं तर डोळा उघडना गं. सूर्य नुसता वरून वततोय." त्यांनी हाताचा आडोसा धरला. "दुपारच्याला काय बघत बसले असतील हे?"

"समाधीत ऊन लागत न्हाई आई," केदारनाथ खालून म्हणाला. त्याचा आवाज उंच गेला होता.

"हर हर महादेव," कुणीतरी बाई पुटपुटली.

नीलाबाईंनी त्या दोघांकडेही पाहिलं नाही. आडोसा तसाच धरून त्या लेकीकडे बघत राहिल्या.

"वर्षे. दार तू उघडलंस ना?"

केदारनाथने बहिणीचं मनगट धरलं. तिने ते सोडवून घेतलं. रागाने ओरडावं असं तिला इतके दिवस वाटत होतं, पण आवाज निघाला तो साधा, घरात बोलायचा.

"हो, आई. त्यांचा हात आतल्या कडीवर होता. घट्ट. मी दार ओढलं तसे ते माझ्या अंगावर आले." तिने खाली उभ्या असलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. "ते आभाळ बघत नव्हते. त्यांना खाली उतरायचं होतं."