समोर फक्त मला बघा

"एकच थेंब! लाली गेली, खाज गेली!" लाकूड-गिरणीबाहेर गर्दी उसळली होती. भुशाने सगळ्यांचेच डोळे चुरचुरत आणि थेंबबाबा आपल्या तांब्यातल्या थेंबाने ते चुटकीसरशी थंड करीत. वर बजावत, "रोज थेंब घ्या. आजूबाजूचं जग विसरा, बेटा, समोर फक्त मला बघा!"

मिस्त्री त्या रांगेत कधी उभा राहिला नाही. बायको गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नसे. फक्त शेजारच्या बाकावरच्या, रोज थेंब घेणाऱ्या दादाकडे बघून त्याच्या पोटात दुखे. दादाची बायको दुपारी चहा घेऊन येई, बाजूला उभी राही आणि दादा आपला रंधा मारत राही.

"अहो, चहा!"

दादा दचकला. कोपराने पेला उडाला.

मिस्त्री भडकला. "बाबाच्या नादानं बायको दिसेनाशी झाली का रे? माझी असती तर रंधा फेकून उठलो असतो!"

"शप्पथ, मला दिसलीच नाही ती."

"घरीही हेच," वहिनी म्हणाली. "दाराच्या चौकटीवर आपटतात. मला वाटलं, माझ्यावरचं मनच उडालं."

मिस्त्रीचा राग जागीच विरला. दादाला समोर बघायला लावून त्याने बाजूने हात हलवला. दादा ढिम्म.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून नस सुकत चालली होती, कडेची नजर आधी गेली होती. थेंबांचं ऐकून त्यांनी सगळ्या गिरणीचे डोळे तपासले. थेंब घेणाऱ्यांत तिघांमागे एकाचा दाब चढलेला, न घेणाऱ्यांत कुणाचाच नाही. भुसा मात्र सगळ्यांच्याच डोळ्यांत जात होता.

दुसऱ्या दिवशी बाई थेट बाबासमोर. "तांब्या आमच्यादेखत भरा."

"अमृत पडद्याआडच पाझरतं, बेटी!"

मिस्त्रीने पडदा ओढला. आत चेला औषधाच्या दुकानातल्या बाटल्या तांब्यात रिकाम्या करत होता.

"हे स्टेरॉइड," बाई म्हणाल्या. "लाली झटक्यात जाते, म्हणून चमत्कार वाटतो. महिनोन्‌महिने घातलं की काहींचा दाब चढतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही."

"माझी गेलेली नजर?" दादाने विचारलं.

"ती परत येणार नाही. उरलेली जपू."

आता वहिनी चहा घेऊन समोर उभी राहते. दादा तिच्याकडे बघत बसतो. मिस्त्री अजून जळतो. पण गिरणीत नवा माणूस आला की त्याला सांगतो, "डोळा चुरचुरला तर डॉक्टरला दाखव. थेंबात काय आहे ते विचार, आणि विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडे परत जाऊ नको. बाजूला कुणी उभं असेल, तर मान वळवून बघ. असेपर्यंत बघ."