नव्या मॉडेलचं उजवं दार

कारखान्यात मला सगळे उजवी म्हणतात. मी डाव्या हाताने जेवते, तरीही. कारण मी गाडीचं उजवं दार बसवते. पलीकडच्या अंगाला डावी उभी असते, ती डावं दार बसवते. आमच्यामध्ये कायम एक गाडी असते आणि तिच्या टपावरून आम्ही इतकी वर्षं एकमेकींच्या घरची उणीदुणी काढत आलोय. गाडी अशी, की रस्त्याने गेली तर लोक बोलता बोलता थांबतात. आम्ही मात्र बसनेच घरी जातो.

अशा गाडीचंही आयुष्य ठरलेलं असतं. साधी गाडी पाच-सहा वर्षांत बदलते. आमची आठ-नऊ वर्षं चालते, कारण ती मुळात थोडीच विकली जाते आणि नवी घडवायची म्हणजे मालकांच्या तोंडाला फेस येतो. मध्ये, चौथ्या-पाचव्या वर्षी, दिवे बदलतात, नाक जरा टोकदार करतात आणि जाहिरातीत नवीकोरी म्हणून मिरवतात. हे रंगरंगोटीचं नाटक आम्हाला लगेच कळतं, कारण दारं तीच असतात. मग शेवटी शेवटी एक वर्ष असं येतं की भलतेसलते रंग निघतात, आत सोनेरी पट्टी लागते, ‘शेवटची खास आवृत्ती’ बाहेर पडते. दिवा विझताना मोठा होतो म्हणतात, त्यातलाच प्रकार.

यंदा आमच्या लाइनीवर जांभळी गाडी आली. डावीने तिच्याकडे पाहिलं आणि टपावरून म्हणाली, "संपलं गं आपलं."

संपलं म्हणजे काय, ते सांगते. मॉडेल बदललं की लाइन बदलते. नव्या लाइनीवर जायचं तर परीक्षा द्यावी लागते: नव्या गाडीचं दार सगळ्यांसमोर बसवून दाखवायचं. जमलं त्यांना जागा, बाकीच्यांची रवानगी सुट्या भागांच्या गोदामात. मागच्या बदलाच्या वेळी, मला हे काम शिकवणारी थोरली परीक्षेत मागे पडली. तिचा हात असा, की नुसतं बोट फिरवून ती दाराची फट कुठे केसभर जास्त आहे ते सांगायची. ती आता खोक्यांना पत्ते चिकटवते. काम वाईट नाही, पण भेटली की ती बोलता बोलता माझ्या हातांकडे बघत राहते. मला ते सहन होत नाही. पन्नाशीला माझं एकच वर्ष उरलंय, आणि मी ठरवून टाकलं होतं की परीक्षेला उभंच राहायचं नाही. पडून जाण्यापेक्षा आपल्या पायांनी गेलेलं बरं.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे त्याच कारखान्यात, पण पडद्याआड. नवं मॉडेल जिथे घडतं त्या इमारतीला आम्ही पडदा म्हणतो. तिथल्या माणसाने आतलं अवाक्षर बाहेर काढायचं नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. तोंड उघडलं की नोकरी गेली. ह्यांना तो नियम कधी जड गेला नाही, कारण हे जन्मजात घुमे. सासूबाई सांगतात, लहानपणी दात दुखला तरी तो पडेपर्यंत घरात कुणाला पत्ता नव्हता.

तर जांभळी गाडी आली त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, ह्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कपाटाचं दार काढलं. चांगलं होतं हो दार. बाजूला उघडायचं, गुमान मिटायचं. ह्यांनी ते एका कोपऱ्यावर टांगलं, आत गॅसचा दांडा, गाडीच्या डिकीचं झाकण वर रेटणारा असतो तसला, बसवला आणि ते तिरकं होऊन वर जाईल असं केलं.

"हे काय?" मी विचारलं.

"जागा वाचते," हे म्हणाले.

सासूबाई कप घ्यायला गेल्या, तर दार त्यांच्या कपाळाजवळून सपकन वर गेलं. "अरे, दार आहे का पाळणा?" त्या ओरडल्या. हे हसलेसुद्धा नाहीत.

दार वर जायचं ते जायचं, पण मिटल्यावर फट वाकडी. एका टोकाला सुतळी जाईल एवढी, दुसऱ्या टोकाला कागद अडेल अशी. ह्यांना दिसत नव्हतं की काय कोण जाणे! मला वाकडी फट दिसली की घास उतरत नाही. पहिला दिवस दम धरला. दुसऱ्या दिवशी पाना हातात घेतला आणि म्हटलं, "व्हा बाजूला. ज्याचं काम त्यानेच करावं."

आधी सोय म्हणून दांडा काढून ठेवला, नाहीतर दाराचं वजन आणि दांड्याचा जोर दोन्ही अंगावर येतं. फट एकसारखी केली, बिजागरी आवळली, दांडा परत लावला. दार मिटलं आणि फट पुन्हा वाकडी! मी दोनदा केलं, तीनदा केलं. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, जसा काही सामना चालू होता. शेवटी रागाने मी दांडा न काढताच दार खांद्यावर घेतलं आणि बिजागरी सैल केली. तेव्हा ध्यानात आलं. दांडा दाराला आतून रेटत असतो. तो नसताना जुळवलेली फट तो लावल्यावर राहणार कशी? त्याचा जोर सोसत सोसतच जुळवायला हवी. खांदा भरून आला, पण फट अशी बसली की मीच तिच्यावरून बोट फिरवत उभी राहिले.

मला वाटलं, संपला तमाशा. कसला! पुढच्या रविवारी ह्यांनी त्या दारासाठी आणखी जड फळी आणली. त्याच्या पुढच्या रविवारी बिजागरी हलवली. दर वेळी बिघडवून ठेवायचं आणि पेपर वाचत बसायचं. मी शेवटी भडकले.

"माझं काम जायची वेळ आलीय, आणि तुम्हाला हे डोहाळे लागलेत! घरात बायको काळजीने अर्धी झालीय, दिसत नाही?"

हे पेपरातून वर बघून म्हणाले, "परीक्षेला उभी राहशील ना?"

"नाही. कितीदा सांगू? त्या थोरलीसारखं सगळ्यांसमोर हात थरथरवत मला उभं राहायचं नाही. भीती वाटते मला."

ह्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "फळी या वेळी जरा जास्तच जड झालीय. बघतेस का?"

मी त्या दिवशी ह्यांच्याशी बोलले नाही. पण फळी लावली.

दोन महिन्यांनी आम्हा सगळ्यांना मोठ्या शेडमध्ये बोलावलं. मालकांनी भाषण केलं, ते कुणी ऐकलं नाही. मधोमध कापडाखाली ती उभी होती. कापड ओढलं आणि शेडभर माना उंचावल्या. राखाडी रंग, बुटकी, रुंद, आणि कुठेही सरळ रेष नाही. लोक दिव्यांकडे बघत होते, चाकांकडे बघत होते. मी सवयीने उजव्या दाराकडे बघत होते. पडद्यातल्या एकाने दाराच्या कडेला हात लावला.

दार बाजूला उघडलं नाही. एका कोपऱ्यावर कलत, तिरकं होत, ते वर गेलं.

डावी माझ्या कानाशी कुजबुजली, "अगं बाई, हे कसं बसवायचं?" मी पडद्यातल्या माणसांमध्ये ह्यांना शोधत होते. हे शेवटच्या रांगेत उभे होते आणि अगदी मन लावून स्वतःचे बूट बघत होते. इतक्या रविवारांचा माझा राग एकदम कुठे गेला ते कळलं नाही. डोळे भरून आले. ह्या माणसाने एक शब्द न बोलता मला सगळं सांगून टाकलं होतं. त्याच संध्याकाळी मी फोरमनना सांगितलं, "मी उभी राहणार."

आमच्या फोरमनना सगळे मिलीमीटर म्हणतात, ते का ते सांगायला नको. परीक्षेच्या दिवशी ते पोटावर हात बांधून उभे राहिले. एकेका जोडीला एकेक गाडी. आमच्या आधीच्या तीन जोड्यांनी दांडा काढूनच दार जुळवलं, आणि दांडा लावल्यावर तिन्ही जोड्यांचे चेहरे पडले. मग आमची पाळी. गाडीच्या पलीकडे डावी पाना घेऊन दांडा सोडवायला वाकली.

जागा मोजक्याच होत्या. मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण मला हे ज्ञान घरबसल्या मिळालं होतं, आणि त्यावर वेटोळं घालून बसायला मी काही नागीण नाही. शिवाय एका गाडीला एकच दार चांगलं असून काय उपयोग?

"डावे, दांडा राहू दे," मी टपावरून म्हटलं.

"वेडी का तू? खांदा मोडेल."

"मोडू दे. त्याचा जोर अंगावर घे आणि तसंच फट बघ."

मग तिने पाना दांड्यावरून काढला आणि दार खांद्यावर घेतलं. मीही घेतलं. भीती होती, नाही असं नाही. पण बोट फटीवर टेकलं आणि ती गेली, कारण बोटाला ही फट ओळखीची होती.

मिलीमीटरनी दोन्ही बाजूंनी बोट फिरवलं. मग खाली वाकून पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवलं नाही, आणि आम्हाला ठाऊक आहे, त्यांची तीच शाबासकी.

"दांडा लावून जुळवायचं कुणी शिकवलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"घरचं वळण आहे, साहेब," मी म्हटलं.

"दोघी सोमवारपासून नव्या लाइनीवर या," ते म्हणाले आणि पुढच्या जोडीकडे वळले. डावी गाडीला वळसा घालून आली आणि तिने मला अशी मिठी मारली की दुखरा खांदा आणखी दुखला. इतक्या वर्षांत आमच्यामध्ये गाडी नसल्याची ती पहिलीच वेळ असावी.

संध्याकाळी बसमध्ये मी ह्यांच्या शेजारी बसले. त्या रविवारांबद्दल मी बोलले नाही, हेही बोलले नाहीत. मी फक्त ह्यांचा हात हातात घेतला. ह्यांनी इकडेतिकडे बघितलं, पण सोडवून घेतला नाही.

"आता तुम्हाला जरा विश्रांती," मी म्हटलं. "गाडी बाहेर आली. सुटलात."

"छे. उद्यापासून पुढच्या मॉडेलला सुरुवात."

"इतक्यात? अजून हिची एक गाडी विकली गेली नाही!"

"आठ-नऊ वर्षांत हीही जाणार. नवी घडवायला तेवढी वर्षं लागतातच."

मी बोटांवर हिशेब केला. "तेव्हा मी साठीला टेकलेली असेन. त्या वयात मला कोण परीक्षेला उभं करणार?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, झालं, मिटलं तोंड. मग हे अगदी हळू म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, आत्तापासून तयारीला लागायला हवं."